सतरा पट्टे

शनिवारी सकाळी आठ दहाला
स्विंडनच्या आमच्या भाड्याच्या घरात
सोफ्यावर तिघं बसतो आम्ही:
मी, सात वर्षांचा रेवंत,
आणि शेजारच्या ग्लेनिसबाई, वय एकाहत्तर,
ज्या बिस्किटं द्यायला म्हणून येतात
आणि शेवटचं नाव पडद्यावरून सरकेपर्यंत उठत नाहीत.

नुमो म्हणजे साळिंदराचं पोर.
अंधाराला भितं,
म्हणून धक्क्यावरचे दिवे लावायचं काम त्याचं.
पहिल्याच भागात थोरला भाऊ होडीतून गेला,
जाताना गळ्यातला मफलर याच्या गळ्यात टाकून.
मफलरला सतरा पट्टे.
(चित्र थांबवून मोजलेत बाईंनी,
चष्मा पुसून, दोनदा.
रेवंतसाठी तसाच विणायला घेतलाय.)

शहाण्णव भाग होडी आली नाही.

नुमो रोज दिवे लावायचा,
शेवटच्या दिव्यापाशी जरा जास्त थांबायचा,
आणि कुणी काही बोलायचं नाही.
चित्र काढणाऱ्यांना ठाऊक होतं
कुठे गप्प राहायचं ते.
चारला अंधारणाऱ्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात
मीही थांबायचे त्याच्यासोबत.
माझा भाऊ मस्कतला असतो.
सहा वर्षं बोलणं नाही.
त्याचा याच्याशी काही संबंध नाही,
असं मी धरून चालते.

आज होडी आली.
भाऊ उतरला. म्हणाला, "काय रे, मोठा झालास!"
आणि लगेच गाणं.
मग अर्धा वेळ जुनीच दृश्यं, ठिगळासारखी,
मग धिरडी उलटण्याची स्पर्धा,
मग सगळे हसले.
नुमोही हसला.
ते हसू मी ओळखलं.
बाराव्या भागात त्याला मासा सापडतो तेव्हाचं,
तेच, जसंच्या तसं, उचलून चिकटवलेलं.
शहाण्णव भागांची वाट
आणि तिच्या टोकाला माशाचं हसू!

"चौदा," ग्लेनिसबाई म्हणाल्या.
"पट्टे चौदाच आहेत.
मागच्या दृश्यात पंधरा होते."
आणि बिस्कीट न बुडवताच खाल्लं.

नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला,
अगं, लहान मुलांचं कार्टून ते.
तेच तर.
मोठ्यांना फसवा, मोठ्यांना सवय असते,
आम्ही घरभाड्याच्या करारावरसुद्धा न वाचता सही करतो.
लहान मूल पट्टे मोजतं.

खानावळीतली आमटी बिघडली
तर माणूस पैसे ठेवून उठतो, विसरतो.
घरची बिघडली की ताट सरकवतो,
आणि ताट सरकवायला
आधी ते घर आपलं असावं लागतं.
परक्यावर रुसता येत नाही.
हे मला नवऱ्याला सांगायचं होतं,
पण घसा आला भरून,
आणि साळिंदरासाठी रडतेय हे
चौतिसाव्या वर्षी कुठल्या तोंडानं सांगणार!

रेवंत एव्हाना बागेत.
बूट उलटे, एक लेस सुटलेली,
चेंडू कुंपणावर आपटतोय.
"वाईट नाही वाटलं तुला?"
"वाटलं ना," तो म्हणाला,
"पण नुमो काय करणार? त्याला जसं काढलं तसं तो हसला."
आणि चेंडू ग्लेनिसबाईंच्या गुलाबात गेला.

बाई रागावल्या नाहीत.
पिशवीतून विणकाम काढून
खिडकीपाशी उजेडात धरलं:
चौदा झालेले,
पंधरावा सुईवर.
मी म्हटलं, आता इथंच थांबवला तरी चालेल,
त्यांच्याकडेही चौदाच आहेत.

"त्यांचे टाके गळाले,"
सुया न थांबवता त्या म्हणाल्या,
"आपण सतराच ठेवू."